दत्तोपंतांचं पातं

लग्नानंतर सुमनला घेऊन मी दौंडला आलो आणि त्याच आठवड्यात घरी सत्यनारायण घातला. शेजारचे दत्तोपंत पूजेला आले. सुमननं प्रसादाचा शिरा पितळी वाटीत घालून त्यांना दिला. पंतांनी शिरा संपवला, वाटी धोतराच्या सोग्याला पुसली, तर्जनीच्या नखानं तिच्या कडेला टिचकी मारली आणि वाटी कानाशी नेली. खोलीतली बाकीची मंडळी बोलायची थांबली. त्यांना सवय होती.

"बोलतेय," पंत म्हणाले. "माहेरची का?"

"हो," सुमन घाबरत म्हणाली.

"जपा. घरातल्या बाकीच्या मुक्या आहेत. तुमच्या नवऱ्यानं घेतल्यात त्या."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. शेजारी असा आहे हे लग्नाआधी का नाही सांगितलं, असं त्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं.

पंतांचा तसा दोष नव्हता. त्यांची सगळी नोकरी दौंड स्टेशनात गाड्यांची चाकं ठोकण्यात गेली होती. गाडी आली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर ठोका मारायचा आणि ऐकायचं. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर बद्द आवाज येतो. खरं तर हे काम खलाशांचं, म्हणजे हाताखालच्या मजुरांचं; पंत त्यांच्यावरचे तपासनीस. पण खलाशाच्या कानावर त्यांचा भरवसा नव्हता. खलाशी ठोकून पुढे गेला की हे मागून त्याच चाकावर पुन्हा ठोकत जायचे. त्यामुळे खलाशी त्यांना 'डबल ठोके' म्हणत. ते पंतांना ठाऊक होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

निवृत्त झाल्यावर हातोडी रेल्वेनं ठेवून घेतली, पण कान त्यांच्याजवळच राहिले. जगातल्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते, बोलणाऱ्या आणि मुक्या. उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या बायका माठ आणायला निघाल्या की पंतांना बरोबर नेत. कुंभारणीला ते आवडत नसे. "आलं बगा, आता माजं निम्मं दुकान फुटकं ठरवत्याल," असं ती पंतांच्या तोंडावर म्हणायची. एकदा एका ओळखीच्या घरी मुलीला पाहायला पाहुणे आले होते. पंतांनी भावी जावयाच्या पाठीवर कौतुकानं थाप मारली आणि सवयीनं कान पुढे केला. "बोलतोय," ते म्हणाले, "पण जरा पोकळ." ते लग्न मोडता मोडता राहिलं. जावई मात्र खरोखर पोकळ निघाला, हे मला इथं नमूद केलं पाहिजे.

पंत एकटे राहत. लग्न केलेलं नव्हतं. डोकं पूर्ण गुळगुळीत, कानांवर पांढऱ्या केसांचं एकेक झुलूप. स्वयंपाक स्वतः करत, कपडे स्वतः धूत आणि कोणी विचारलं की म्हणत, "घाई नाही. गाडी अजून सुटलेली नाही." हे ते कशालाही म्हणत. भाजी महाग झाली, पाऊस लांबला, कोणाचं ऑपरेशन ठरलं, काहीही असलं तरी गाडी अजून सुटलेली नसायची.

तर असा हा माणूस. त्यानं एके दिवशी आम्हाला सांगितलं की आपल्याला एक फणी करायची आहे.

"कसली फणी?" मी विचारलं.

"केस विंचरायची. शिसवी लाकडाची."

मी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. पाहू नये असं ठरवूनही पाहिलं. त्यांनी ते ओळखलं आणि ते तिथून निघून गेले.

दोन दिवसांत गावभर झालं. न्हावी म्हणाला, "माझ्या पोटावर पाय आणतायत." चहाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, पंतांना उतारवयात स्थळ आलेलं दिसतंय. कुणी म्हणालं, "केस नाहीत म्हणून काय झालं? ज्याला घोडा नसतो त्यानं चाबूक घेऊ नये असा कायदा आहे का?" पंतांवर याचा काही परिणाम झाला नाही. त्यांनी एक जुनं शिवणयंत्राचं लोखंडी स्टँड आणलं, वर जाड फळी ठोकली, फळीला मधोमध चीर पाडली, खाली पाण्याच्या पंपाची जुनी मोटर बसवली आणि चिरेतून गोल करवतीचं पातं वर काढलं. पातं जागेवर फिरणार, लाकूड आपण हातानं पुढे सरकवायचं. मोटर सुरू झाली की आमच्या घरातला दिवा मंदावायचा आणि सुमनची भाकरी उलटायची राहून जायची.

"अहो पंत, फणीवाले हातकरवतीनं फण्या करतात. एवढा कारखाना कशाला?"

पंतांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता. जन्मभर हातोडी मारलेला तो हात, पण आता चहाचा कप धरला की बशीत चहा सांडायचा.

"या हातात करवत दिली तर फणी होणार नाही, गवत होईल," ते म्हणाले. "यंत्राचा हात थरथरत नाही. फक्त पातं चांगलं पाहिजे."

"मग विकत घ्या की. बाजारात ढीग आहेत."

"बाजारातल्या फण्या मी पाहिल्यात. केस ओढतात." आणि थोडं थांबून म्हणाले, "मला ओढणारी नको."

पहिलं पातं त्यांनी दौंडातच घेतलं. ते इमारतीच्या लाकडाचं होतं, दात मोठे, मगरीसारखे. फणी झाली. पंतांनी ती सुमनच्या हातात दिली. सुमन आता त्यांना घाबरत नव्हती, काका म्हणायची.

"काका, ही फणी नाही. हे दंताळं आहे. यानं फार तर शेत विंचरता येईल."

पंतांना राग आला नाही. त्यांनी फणी उलटसुलट करून पाहिली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "दात मोठा असला की तो लाकूड कापत नाही, फाडतो. बारीक दात पाहिजेत. पुष्कळ पाहिजेत."

म्हणून पुण्याला जाऊन ते बोहरी आळीतून बारीक दातांचं पातं घेऊन आले. दुकानदाराला त्यांनी किती पाती काढायला लावली असतील ते मला विचारू नका. मी बरोबर नव्हतो, हे माझं भाग्य. पंत सांगत होते की दुकानदार सुरुवातीला फार अदबीनं बोलत होता.

ते पातं लावलं आणि आळीत धूर झाला. समोरच्या घरातून कुणीतरी बादली घेऊन धावत आलं. झालं होतं असं, की फणीचे दात लाकडाच्या रेषेच्या दिशेनं कापावे लागतात, नाहीतर ते मोडतात. आणि रेषेच्या दिशेनं कापताना भुसा लांब निघतो. बारीक दातांच्या मधल्या इवल्या जागेत तो मावत नाही, अडकतो, घासतो आणि लाकूड जळतं. फणी कापली गेली होती, पण तिचे सगळे दात काळेकुट्ट.

"मिसरी लावलेय हिनं," सुमन म्हणाली.

पंत ओट्यावर बसले. त्या दिवशी ते प्रथमच मला थकलेले दिसले. "मोठे दात फाडतात, बारीक दात जाळतात," ते म्हणाले. "मधलं काहीतरी असेलच ना? असलं पाहिजे."

माझं गाव शिरूर. तिथं आमच्या वडिलांच्या ओळखीचे करीममामा, त्यांची लाकडाची वखार होती. तेलाच्या इंजिनावर पट्टा लावून चालणारी मोठी करवत होती आणि साऱ्या तालुक्याच्या नांगरांचं आणि बैलगाड्यांचं लाकूड तिथं कापलं जाई. मी पंतांना म्हणालो, चला, शिरूरला जाऊ.

पंत जरा कचरले. मला वाटलं एसटीच्या प्रवासाला कंटाळत असतील. नंतर त्यांनीच सांगितलं की त्यांचं बालपणही शिरूरचंच. मला आश्चर्य वाटलं, कारण इतकी वर्षं शेजारी राहून हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. शिरूरला उतरल्यावर मी सरळ पेठेतून निघालो, तर ते म्हणाले, "इकडून नको. नदीकडून जाऊ." नदीकडचा रस्ता लांबचा होता. उन्हातून तेवढा वळसा घेऊन आम्ही वखारीत पोहोचलो.

करीममामा म्हणजे अंगानं बाभळीच्या ओंडक्यासारखे, आणि बढाईखोर. करवतीतलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं पुण्यात कुणाला कळत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं आणि ते भेटल्या भेटल्या सांगायची त्यांची पद्धत होती.

"फणी? हात्तिच्या!" ते म्हणाले. "माज्याकडं इतकी पाती हायत की तुमी म्हनाल ते कापून देतो. " मग मला म्हणाले, "सदा, च्या सांग."

चहा आला. पाती आली. एकेक पातं करीममामा मधल्या भोकात बोट घालून उचलायचे आणि पंत टिचकी मारायचे. इंजिनाचा आवाज होत होता म्हणून पंतांनी इंजिन बंद करायला लावलं. ज्याच्या बैलगाडीची साटी अर्धी कापून राहिली होती तो शेतकरी बिचारा पटका सोडून खाली बसला.

"मुकं," पंत म्हणाले.

दुसरं.

"मुकं. कुठंतरी चीर आहे."

"चीर? आवो, परवाच लावलंय!"

"दाताच्या मुळाशी बघा."

करीममामांनी पातं उन्हात धरलं, डोळे बारीक केले. चीर नव्हतीच. मामांनी ते पंतांना दाखवलं. पंतांनीही पाहिलं.

"मग तुमचं बोट ओलं असेल," पंत म्हणाले.

"माजं बोट?" करीममामा माझ्याकडे वळले. "सदा, हे पातं बगायला आल्यात का सून पसंत करायला?"

"सून चुकली तर नांदवून घेता येते," पंत म्हणाले. "फणीचा दात मोडला तर काय करता?"

खाली बसलेला शेतकरी हसला. मग मामाही हसले. त्यानंतर दोघांचं जमलं. म्हणजे भांडण चालू राहिलं, पण जमलं. मामांचं म्हणणं, पातं लाख बारीक घ्या, दातांना फाक असली की चीर रुंद होणारच. करवतीचा एक दात डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवलेला असतो, पातं अडकू नये म्हणून. पंतांचं म्हणणं, फाक काढून टाकू. मामांचं म्हणणं, मग पातं लाकडात अडकून तुमची मोटर जळंल. पंत म्हणाले, मोटर माझी आहे. मामा म्हणाले, घर मालकाचं हाय.

शेवटी मामा उठून आत गेले आणि बराच वेळ पत्र्याच्या डब्यांचा खडखडाट करत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर बशीएवढं एक पातं होतं. पोस्टकार्डासारखं पातळ. पुण्याच्या एका लेथवाल्याचा भंगार माल त्यांनी घेतला होता, त्यात ते आलेलं. पितळ कापायचं पातं. कडेला जाड आणि मध्याकडे पातळ होत गेलेलं, त्यामुळे दातांना फाक नसली तरी लाकडात अडकणार नाही.

पंतांनी टिचकी मारली. आवाज इतका बारीक आणि लांब आला की शेतकऱ्यानंसुद्धा मान वर केली.

पंतांनी कान आणखी जवळ नेला. त्यांनी पुन्हा मारली.

"बोललं का?" मामांनी विचारलं.

"गातंय," पंत म्हणाले.

"पर ह्ये दात पितळ कापायचं हायत. लई जवळजवळ. ह्यानं परत धूर व्हईल. मी एक सोडून एक दात कानशीनं काढतो आन् राहिलेल्यांना लाकडाची धार लावतो. म्हंजी भुश्याला जागा व्हईल." मामा त्रिकोणी कानस घेऊन बसले आणि दोन-तीन दात झाल्यावर सहज विचारलं, "केस कसं हायत?"

"कुणाचे?"

"जिच्यासाटी फणी करताय तिचं. जाड हायत का मऊ? कुरळं का सरळ? लांब किती? त्यावर फटीचं अंतर ठरतंय न्हवं?"

पंत दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या पात्याकडे बघत राहिले.

"मी पाहिलेले नाहीत," ते म्हणाले.

मामांची कानस थांबली. माझ्या मनात चहाच्या दुकानातली ती स्थळाची चेष्टा येऊन गेली. मामांच्याही मनात तसलंच काही आलं असावं, कारण त्यांचं तोंड उघडलं. पण पंतांचा चेहरा पाहून त्यांनी ते मिटलं.

"मग मधलं अंतर ठिवू," ते म्हणाले. "मधलं कुनालाबी चालतंय."

दौंडला आल्यावर पंतांनी तब्बल महिनाभर मला जवळ येऊ दिलं नाही. पात्याचं भोक मोठं होतं, ते भरून निघेल असं पितळी बुश, म्हणजे आतलं कडं, त्यांनी करून घेतलं. फळीवर एक छोटी पितळी पट्टी ठोकली. आधी कापलेली फट त्या पट्टीवर बसवायची, की पुढची फट आपोआप तेवढ्याच अंतरावर पडते. हात थरथरला तरी चालतो. मोटर सुरू व्हायची, दिवा मंदावायचा, एक बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा आणि थांबायचा. धूर नाही. काही दिवसांनी सुमन भाकरी उलटायला विसरेनाशी झाली. तिला तो आवाज पाठ झाला होता.

एके दुपारी पंत दारात आले. हातात खोबरेल तेलात मुरवलेली, काळसर तांबूस फणी. पाठ किंचित कमानदार. दात इतके एकसारखे की मी नुसता पाहत राहिलो. कडा काचकागदानं घासून अशा गोल केल्या होत्या की बोट घसरून जाई.

"सुनबाई, एक काम होतं," ते म्हणाले. "राग येणार नसेल तर. जरा चालवून बघा."

सुमननं अंबाडा सोडला. पंत ताबडतोब पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, गाडी जाईपर्यंत फाटकाशी उभं राहावं तसे.

"दुखतंय का?" भिंतीनं विचारलं.

"नाही काका."

"टोकाला? गुंत्यात?"

"नाही."

"ओढतेय का बघा. खरं सांगा. माझं मन राखू नका."

"नाही हो काका! लोण्यातून चालल्यासारखी चाललीय. मला पण करून द्या ना एक." आणि मग बायकांना जे विचारायला धीर लागत नाही ते तिनं विचारलं, "कुणासाठी आहे ही?"

भिंतीवर पंतांच्या नखाची एक टिचकी वाजली.

"आहे एक," पंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. इस्त्रीचा कोट, टोपी. "तुमची आज सुट्टी आहे ना? माझ्याबरोबर केडगावला याल का? मला एकट्यानं उतरता येणार नाही."

मला कळेना. केडगाव म्हणजे दौंडहून पुण्याच्या वाटेवरचं स्टेशन, पॅसेंजरनं जेमतेम तासाभराचा रस्ता. आयुष्यभर रेल्वेत काढलेल्या माणसाला एकट्यानं उतरता येणार नाही?

गाडीत खिडकीशी बसल्यावर ते बोलायला लागले. बाहेर बघत बोलत होते.

त्यांना एक थोरली बहीण होती. यमुना. ते तिला अक्का म्हणत. लहानपणीच लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा तापानं गेला. ती शिरूरला पेठेतल्या माहेरी परत आली. जरा मोठी झाली तशी त्या वेळच्या रीतीप्रमाणे घरी न्हावी आला. दत्तू तेव्हा पाटी घेऊन शाळेत जायच्या वयाचा. त्याला बाहेर पाठवून दिलं होतं. तो परत आला तेव्हा अक्का अंगणात लाल आलवण नेसून बसलेली होती आणि त्यानं तिला ओळखलं नाही.

"मला त्याचं काही वाटत नाही," पंत म्हणाले. "म्हणजे वाटतं. पण ते सगळ्याच घरांत होत होतं. मला आठवतं ते दुसऱ्या दिवशीचं. सकाळी मी उठलो तर अक्का कोनाड्यात हात घालून काहीतरी शोधत होती. मला म्हणाली, दत्तू, माझी फणी बघितलीस का रे? रोजच्या सवयीनं. झोपेतून उठली होती ना, विसरली होती. मी पण लहान. मी पण शोधायला लागलो. माजघरात शोधली, जात्याखाली शोधली. दोघंही शोधत होतो. मग मधेच तिचा हात डोक्याला लागला."

गाडी पाटसला थांबली, सुटली.

"आईनं फणी चुलीत घातली होती," ते म्हणाले.

पुढे चार-पाच वर्षांनी अक्का घरातून निघाली आणि केडगावच्या मिशनमध्ये, बायकांच्या आश्रमात जाऊन राहिली. वडिलांनी तिच्या नावानं अंघोळ केली. घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. वडील गेले, आई गेली, तरी ते ठरलेलंच राहिलं. पंत कामासाठी शेकडो वेळा या मार्गानं पुण्याला गेले. केडगाव आलं की उलट्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसायचे. अक्का जिवंत आहे की नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं. मागच्या वर्षी रेल्वेच्या दवाखान्यात एक नर्सबाई बदलून आल्या, केडगावला शिकलेल्या. पंतांना रक्तदाबासाठी जावं लागायचं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, आमच्या तिकडे यमुनाबाई म्हणून आहेत, शिरूरच्या, मुलींना विणकाम शिकवतात, फार कडक.

"तिथं कुणी कुणाचे केस काढत नाही," पंत मला समजावून सांगितल्यासारखे म्हणाले. "म्हणजे वाढले असतील. नाही का?"

केडगावला ते उतरले. माझा दंड धरून उतरले.

आश्रमाच्या आवारात चिंचेची झाडं होती. कार्यालयातल्या बाईंनी नाव विचारलं, नातं विचारलं. "भाऊ," पंत म्हणाले, पण इतक्या हळू की बाईंना दोनदा विचारावं लागलं. त्यांनी आम्हाला लांबलचक व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं.

थोड्या वेळानं एक ठेंगणी म्हातारी आली. पांढरं लुगडं, चष्मा, काखेत विणकामाची पिशवी. चाल झपाझप. आणि डोक्यावर केस. पांढरेशुभ्र, दाट, मागे जाड अंबाडा. पंत उभे राहिले. बहुधा त्यांना पाया पडायचं होतं, पण ते नुसते त्या केसांकडेच पाहत राहिले.

म्हातारीनं चष्मा वर सारला. खालपासून वरपर्यंत त्यांना बघितलं.

"दत्तू का?" ती म्हणाली. "अगदी बाबांसारखा झालास की रे. मेल्या, इतका उशीर?"

पंतांनी कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली फणी काढली आणि तिच्यापुढे धरली. तिनं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. फणी घेतली, उन्हाच्या बाजूला फिरवली, दातांवरून अंगठा नेला. मग बाकावर बसली. पिशवीतून लोकरीचा गुंडा घरंगळून व्हरांड्यात लांबवर गेला, तो कुणी उचलला नाही.

"तू केलीस?" तिनं विचारलं.

पंतांनी मान हलवली.

"शोधत होतास होय रे इतकी वर्षं?"

तेव्हा पंत रडले. मी चिंचेच्या झाडांकडे बघायला लागलो.

जरा वेळानं म्हातारीचा कडक आवाज आला. "माझा उजवा खांदा धरलाय. हात वर जात नाही. रोज कुठल्या तरी पोरीला बोलवावं लागतं. आता आलाच आहेस तर तूच विंचर."

"मला येत नाही, अक्का."

"न यायला काय झालं? बस मागं. आधी टोकं सोडव. वरून ओढू नकोस."

तिनं अंबाडा सोडला. केस बाकावरून खाली आले. माझा तिथं काही उपयोग नव्हता. मी पंतांना खुणेनं विचारलं, त्यांनी मान वर केली नाही. म्हणून मी निघालो आणि परतीच्या पॅसेंजरनं एकटाच दौंडला आलो.

सुमन दारातच उभी होती. "काका कुठं राहिले?"

"वेणी घालायला शिकतायत," मी म्हणालो.